यादीतला चौथा नंबर

मानसिक आरोग्याच्या मदतीच्या याद्या तयार करणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुम्ही नेमके कोण हे मला माहीत नाही, कारण अशा याद्यांखाली करणाऱ्याचं नाव नसतं. कुणी आरोग्य खात्यात असाल, कुणी कॉलेजच्या विद्यार्थी कल्याण विभागात, कुणी कंपनीच्या एचआरमध्ये, कुणी एखाद्या संस्थेत. 'मदत हवी आहे? येथे संपर्क साधा' असं वर लिहून खाली दहा-पंधरा नंबर द्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलेलं असतं, बहुधा दुसऱ्या चार कामांच्या जोडीला. मी त्या यादीच्या दोन्ही टोकांना बसलेली बाई आहे. आधी एका रात्री फोन लावणारी म्हणून, आणि पुढे सहा वर्षं एका मदतवाहिनीवर आठवड्यातून एक रात्र फोन उचलणारी स्वयंसेवक म्हणून. तिथून ती कशी दिसते हे तुम्हाला कुणी सांगितलं नसावं.

त्या रात्री पावणेदोनला माझा धाकटा भाऊ पलंगावर उठून बसला आणि म्हणाला, "ताई, मला आता पुढे नको." एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तीन महिन्यांपासून त्याचं काहीतरी बिनसलंय हे मला दिसत होतं, पण त्याच्याकडे नीट बघायचं मी टाळत आले होते. त्याच्या बॅगेत कॉलेजच्या एका कार्यक्रमात वाटलेला कागद होता. जाड, गुळगुळीत, वर सूर्योदयाचं चित्र. खाली अकरा नंबर.

पहिला लावला. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. दुसरा वाजत राहिला आणि आपोआप कटला. तिसऱ्यावर रेकॉर्ड केलेला आवाज आला : कार्यालयाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद. चौथा उचलला गेला.

एक बाई होत्या. मी भडाभडा बोलत सुटले आणि त्यांनी मला बोलू दिलं. मध्ये फक्त दोनदा थांबवलं. एकदा विचारलं, "तो आत्ता तुम्हाला दिसतोय का?" आणि नंतर, "जीव द्यायचा विचार मनात येतो का, असं तुम्ही त्याला सरळ विचारलंय?" नव्हतं विचारलं. विचारलं तर नसलेला विचार आपणच डोक्यात घालू, अशी भीती वाटत होती. त्या म्हणाल्या, तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच माणसाला हायसं वाटतं. (अभ्यासही हेच सांगतात, हे मला पुढे प्रशिक्षणात कळलं.) फोन कानाला तसाच धरून मी त्याला विचारलं. तो वळला, माझ्याकडे बघितलं, "हो" म्हणाला, आणि हात पुढे करून त्यानेच फोन मागितला.

पुढचं सगळं लांबलचक आहे. हॉस्पिटल, पहिली गोळी न मानवणं, दुसरी मानवणं, एक समुपदेशक न पटणं, दुसरे पटणं, साधारण दोन वर्षं. आता तो नोकरी करतो, माझ्याशी भांडतो, ठीक आहे. त्याला विचारूनच हे लिहितेय. 'सूर्योदयाचं चित्र नक्की टाक' एवढीच त्याची अट होती.

मी चौथ्या नंबरापर्यंत पोचले कारण मी बहीण होते. माझे हात थरथरत होते, पण जगायचं की नाही हा प्रश्न माझ्यापुढे नव्हता. ज्याच्यापुढे तो असतो, तो एक नंबर लावायलाच दिवसभराची ताकद गोळा करतो. पहिला नंबर अस्तित्वात नाही असं यंत्राने सांगितलं, की त्याच्या मनात आधीपासून चाललेल्या गोष्टीला दुजोराच मिळतो : बघ, कुणी नाहीये. बंद नंबर छापणं ही तुमच्या दृष्टीने बारीकशी चूक असेल. त्याच्या दृष्टीने ते उत्तर असतं.

(पत्र तुम्हाला असलं तरी वाचणारं कुणीही असू शकतं, म्हणून मध्येच सांगते. आत्ता, या क्षणी, तुम्हाला स्वतःलाच गरज असेल तर भारतात १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे : सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३. जिवाला लगेच धोका असेल तर थेट तातडीच्या सेवेचा नंबर, भारतात ११२, किंवा जवळच्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग; आणि तोवर एकटे राहू नका, कुणाला तरी शेजारी बसवून घ्या. पत्र नंतर वाचा, ते कुठे जात नाही.)

आता अकरा नंबरांबद्दल. जास्त नंबर दिले म्हणजे जास्त मदत केली, असं तुम्हाला वाटत असणार. मलाही वाटायचं. एडविन श्नाइडमन हे मानसशास्त्रज्ञ आत्महत्येच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला आत्महत्या प्रतिबंध केंद्र उभारण्यात ते होते. टोकाच्या क्षणी मनाचं आकुंचन होतं, असं ते म्हणत. एरवी दहा वाटा दिसणाऱ्या माणसाला दोनच दिसायला लागतात : हे सगळं चमत्कार होऊन थांबावं, नाहीतर आपण थांबावं. अशा मनापुढे तुम्ही अकरा पर्याय ठेवता, आणि त्यांतला कुठला आपल्यासाठी हे त्यानेच ठरवायचं! धडधाकट माणूससुद्धा कस्टमर केअरच्या मेनूत अडकला की वैतागतो.

म्हणून नंबर लहान असावा, एक असावा, पाठ व्हावा, ही धडपड जुनी आहे. लंडनमधले एक पाद्री चॅड व्हारा यांनी १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला, तो 'मॅन्शन हाउस ९०००' या सहज ध्यानात राहणाऱ्या नंबरावर. पुढे त्यातूनच सॅमॅरिटन्स ही मदतवाहिनी चालवणारी संस्था उभी राहिली. अमेरिकेने आपला दहा आकडी नंबर जुलै २०२२ मध्ये ९८८ वर आणला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, भारतात १४४१६ सुरू झाला. युरोपात भावनिक आधारासाठी ११६ १२३ आणि मुलांसाठी ११६ १११ हे नंबर अनेक देशांनी समान ठेवलेत. एवढं सगळं झाल्यावरही तुमच्या यादीत हा लहान नंबर सातव्या ओळीत का असतो? वरच्या सहा जागा ज्यांनी कागद छापायला पैसे दिले त्यांच्या असतात, असं एकाने मला खाजगीत सांगितलं. खरं-खोटं तुम्हाला ठाऊक.

याद्या बहुतेक संस्थांच्या नावांनी लावलेल्या असतात. पण संस्थेचं नाव मनात धरून कुणी येत नाही. माणूस येतो ते 'झोप लागत नाही' म्हणून, 'छातीत धडधडतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत' म्हणून, 'कशात मन लागत नाही', 'डोकं बंदच होत नाही', 'बाळ झालंय पण मला काही वाटतच नाही', 'हा हल्ली एकटाच बोलतो' असं म्हणत. सहा वर्षांत 'मला नैराश्य आलंय, कृपया साहाय्य करा' असं म्हणणारा एकही फोन मला आला नाही. तुमच्या यादीत मात्र 'नैराश्य, चिंताविकार, द्विध्रुवी विकार' अशी शीर्षकं असतात. निदान झालेल्या माणसाला ती उपयोगी. त्याच्याकडे डॉक्टरचा नंबर आधीच असतो.

झिंबाब्वेमधलं एक उदाहरण मला फार आवडतं. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये हरारे शहरात चौदा आज्यांना हाताशी धरून काम सुरू केलं. आरोग्यकेंद्राबाहेर एक लाकडी बाक, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी, आणि जो येईल त्याच्याशी बोलणं. सुरुवातीला त्याला 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हणत, तेव्हा कुणी बसेना. 'मैत्रीचा बाक' नाव ठेवलं आणि लोक बसू लागले. शोना भाषेत लोक ज्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे 'फार विचार करत बसणं', तोच शब्द आज्यांनी धरला. डॉक्टरांचा शब्द बाजूला ठेवला. २०१६ मध्ये छापून आलेल्या चाचणीत, नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा बाकावर बसून गेलेल्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी झालेली दिसली. आपल्या भाषेतही 'फार विचार करते गं ती' हे वाक्य आहेच. ते शीर्षक का होऊ नये?

आणखी एक घोळ, जो फोन उचलणाऱ्या बाजूने रोज दिसायचा. ऐकून घेणं वेगळं आणि उपचार वेगळे. चॅड व्हारांनाही हे आधी ठाऊक नव्हतं. लोक त्यांना भेटायला यायचे, गर्दी व्हायची, म्हणून बाहेरच्या खोलीत काही स्वयंसेवक चहा द्यायला, गप्पा मारायला बसायचे. काही दिवसांनी व्हारांच्या लक्षात आलं, की कितीतरी लोक बाहेरच्या खोलीतूनच हलके होऊन परत जातायत. आत यायची त्यांना गरजच वाटत नाहीये. १९५४ मध्ये त्यांनी फोनचं काम या स्वयंसेवकांच्याच हाती सोपवलं. मदतवाहिन्यांचा सगळा डोलारा त्या बाहेरच्या खोलीवर उभा आहे. पण ती खोली गोळी लिहून देत नाही. आम्हाला फोन यायचे, 'गोळीचा डोस वाढवू का?' आम्ही ते सांगूच शकत नव्हतो. आणि उलट, ज्यांना नुसतं तासभर कुणाशी बोलायचं होतं ते बिचारे मनोविकारतज्ज्ञांच्या तीन आठवड्यांनंतरच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसलेले असायचे.

यादीत प्रत्येक नंबराशेजारी एक वाक्य हवं : इथे कोण बोलतं. ऐकणारा स्वयंसेवक, की प्रशिक्षित समुपदेशक, की मनोविकारतज्ज्ञ म्हणजे औषध लिहून देऊ शकणारा डॉक्टर. हे तीन शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि चुकीच्या दारात दोनदा गेलेला माणूस तिसऱ्यांदा बाहेर पडत नाही. जमल्यास हेही लिहा, की नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि मळमळीसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. माझ्या भावाने पहिली गोळी पाचव्या दिवशी स्वतःच बंद केली होती. हे एक वाक्य आधी माहीत असतं तर त्याने डॉक्टरांना फोन केला असता.

आता वेगवेगळ्या गरजांकडे येते, कारण तुमच्या यादीतलं 'सर्वांसाठी' हे बहुतेकदा एकाच माणसासाठी असतं : ज्याला आपला त्रास कळतो, जो बोलू शकतो, ज्याला एकांत आहे आणि ज्याच्याकडे स्वतःचा फोन आहे.

ज्याला खात्रीच आहे की शेजारी आपल्याविरुद्ध कट करतायत, तो मदतवाहिनीला फोन का करेल? त्याच्या मते मदत पोलिसांची हवी. फोन करतात ते घरचे, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला : तो डॉक्टरकडे यायलाच तयार नाही, काय करू? यादीत या प्रश्नासाठी एकही ओळ नसते. घरच्यांना सांगायला हवं, की त्याच्या समजुतीवर वाद घालू नका आणि तिला होकारही देऊ नका. 'तुला भीती वाटतेय, झोप होत नाहीये, त्यासाठी जाऊ' इथून सुरुवात करा. आधी घरच्यांनीच एकट्याने जाऊन तज्ज्ञांशी बोलता येईल अशी जागा कुठे आहे, ते सांगायला हवं. संमती नसताना दाखल करण्याबद्दल तिथला कायदा काय म्हणतो, हेही. आणि थांबू नका, असं ठळकपणे. मेलबर्नमध्ये मनोविकारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तरुणांमधल्या अशा भ्रम-संशयाच्या दुखण्याच्या पहिल्या झटक्यासाठी वेगळी सेवा सुरू केली ती याच कारणाने : उपचार सुरू व्हायला जितका उशीर, तितकं सावरणं अवघड.

दारूचं तर मला राहूनराहून वाटतं. यादीत 'व्यसनमुक्ती समुपदेशन' असा एक नंबर असतो, संपलं. एका पहाटे एका बाईंचा फोन आला. आवाजात आनंद होता. नवऱ्याने दोन दिवस दारूला हात लावला नव्हता, वीस वर्षांत पहिल्यांदा. फक्त तो आता थरथरतोय, घामाने भिजलाय आणि भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणतो, तर त्याला कसा धीर देऊ? मी धीराचं काही बोलले नाही. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा म्हटलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर फिट येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हे एक वाक्य त्या नंबराखाली मावतं. मी मोजून बघितलंय, सूर्योदयाचं चित्र थोडं लहान केलं तर मावतं.

बाळंतिणीबद्दलही तसंच. पहिल्या काही दिवसांत रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि ओसरतं. दोन आठवडे उलटले तरी ओसरत नसेल तर दाखवायला हवं. पण बाळ झाल्यावर पहिल्या दोनेक आठवड्यांतच बाई झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र संशय घेऊ लागली, तर ते हजारात एक-दोघींना होणारं आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायला लावणारं दुखणं असतं. 'बाळंतपणानंतरचं नैराश्य' या एकाच शीर्षकाखाली तुम्ही तिन्ही गोष्टी ढकलता.

मग ज्यांना मोठ्याने बोलताच येत नाही ते. मारणारा माणूस बाहेरच्या खोलीत बसलाय. होस्टेलच्या खोलीत सहा जणी आहेत. घाबरगुंडीचा झटका आलाय आणि आवाजच फुटत नाही. बोलताना अडखळतो म्हणून फोनचीच धास्ती आहे. यांना मेसेजवरची सेवा लागते, आणि ती असते. अमेरिकेत क्रायसिस टेक्स्ट लाइन २०१३ पासून फक्त मेसेजवरच चालते. कर्णबधिरांना खाणाखुणांची भाषा लागते, म्हणजे व्हिडिओ. ९८८ ने अमेरिकी खाणाखुणांच्या भाषेची सोय सप्टेंबर २०२३ मध्ये केली, नंबर सुरू झाल्यावर वर्षभराहून अधिक काळाने. एवढ्या मोठ्या यंत्रणेलाही ती आधी सुचली नाही. तुमच्या यादीत अशी सोय एखाद्या नंबरावर असेलही, पण तसं लिहिलेलं नसतं. तिथे फक्त फोनचं चित्र असतं.

मुलांचा पहिला प्रश्न फोनवर नेहमी एकच असायचा : "तुम्ही आईला सांगाल?" तुमच्या वाहिनीचा नियम काय आहे तो मुलाला कळेल अशा शब्दांत यादीतच लिहा. फोन आईचा असतो, कॉल त्यातल्या नोंदीत दिसतो, हेही त्या मुलाला माहीत असतं. त्याने तुमच्यापेक्षा जास्त विचार केलेला असतो.

आणि जे मागे राहतात ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ७ लाखांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात. त्यांच्या मागच्यांसाठी तुमच्या कागदावर जागाच नसते. त्यावर सगळीकडे 'प्रतिबंध' लिहिलेलं असतं. ज्याच्या घरात ते घडून गेलंय त्याने हा शब्द कसा वाचायचा, याचा कुणी विचार केला असेल असं मला वाटत नाही.

फोन लावल्यावर काय होईल, हे न सांगणं ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. लोक नंबर नाही म्हणून थांबत नाहीत, भीतीने थांबतात. नाव विचारतील का? बोलणं रेकॉर्ड होतं का? ऑफिसला कळेल का? दारात पोलिस येतील का? या शेवटच्या प्रश्नाला वेगवेगळ्या वाहिन्यांची वेगवेगळी उत्तरं आहेत. काही जण फोन करणाऱ्याच्या संमतीशिवाय कुणालाही कळवत नाहीत. काही जण जीव लगेच धोक्यात आहे असं वाटलं तर कळवतात. ९८८ च्या बाबतीत तातडीच्या सेवा पाठवायची वेळ दोन टक्क्यांहून कमी फोनवर येते, असं ते स्वतः सांगतात. उत्तर काहीही असो, ते लिहा. 'गोपनीयता राखली जाईल' हे लिहू नका, त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

फोन कुठे जातो हेही बघा. ९८८ वर सुरुवातीला फोन नंबरातल्या एरिया कोडवरून जवळचं केंद्र ठरायचं. म्हणजे माणूस दहा वर्षांपूर्वी गाव सोडून आला असेल, तर त्याचा फोन जुन्या गावाच्या केंद्राकडे. तिथल्या स्वयंसेवकाला इथलं हॉस्पिटल ठाऊक नाही. माणूस प्रत्यक्ष आहे त्या भागातल्या केंद्राकडे मोबाइलचा कॉल वळवायची सुधारणा २०२४ मध्ये सुरू झाली. तुमच्या यादीतला नंबर लांबच्या शहरातल्या कुणाच्या टेबलावर वाजत असेल तर तसं लिहा. ऐकायला तो चालतो. पत्ता सांगायला नाही.

आणि थांबावं लागेल, हेही. आमच्याकडे रात्री अकरा ते दोन लाइन सतत भरलेली असायची आणि खुर्च्या दोनच. 'सध्या सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत' ऐकून लोक फोन ठेवायचे. यादीत आधीच लिहिलेलं असतं, की पाच-दहा मिनिटं लागू शकतात, ठेवू नका, तर काही जण तरी थांबले असते. हे मी आकडेवारीवरून म्हणत नाही. पुन्हा लावणारे सांगायचे.

नंतरचं काय? तुमच्या कागदावर 'नंतर' हा शब्दच नसतो. सगळं त्या एका फोनपाशी संपतं. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी १९६९ पासून एक साधी गोष्ट करून पाहिली. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे हॉस्पिटलात राहून गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत चोवीस छोटी पत्रं पाठवली. पत्रात काही मागणी नाही, उपदेश नाही, 'अपॉइंटमेंट घ्या' नाही. फक्त तुमची आठवण आहे, लिहावंसं वाटलं तर लिहा, एवढंच. पहिल्या दोन वर्षांत या गटात आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी बनवलेली 'सुरक्षा योजना' तशीच साधी आहे. माणसाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत एका कागदावर लिहायचं : वादळ येतंय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, कुठे जाऊन बसू शकतो, कुणाशी बोलू शकतो, कुठल्या तज्ज्ञाला फोन करायचा, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कुणाकडे सोपवायच्या. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात आलेल्यांबरोबर असा कागद केला आणि नंतर फोन करून विचारपूस चालू ठेवली, तर पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित घटना ४५ टक्क्यांनी कमी झाल्या, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तुमच्या कागदाची मागची बाजू कोरी असते. तिथे या सहा ओळी रिकाम्या छापा. भावाने त्याचा कागद समुपदेशकांसोबत लिहिला, आणि 'कुणाशी बोलू शकतो' च्या पुढे माझं नाव तिसरं टाकलं. पहिलं आमच्या मांजराचं आहे.

बाकी तुमच्याकडून मला फार मोठं काही नको. यादीवर तारीख टाका, नंबर शेवटचे कधी लावून पाहिले त्याची. आणि लावून पाहायचा तो दुपारी तीनला नाही. गजर लावून रात्री पावणेदोनला उठा, दिवा लावू नका, आणि यादीतला पहिला नंबर फिरवा. कुणी उचललं तर खरं सांगा, की तपासायला केलाय, आणि दहा सेकंदांत ठेवा. मागे कुणीतरी रांगेत आहे. उचललं नाही, तर तो नंबर त्याच रात्री काढा. सकाळी बैठक आहे म्हणून थांबू नका.

तो चौथा नंबर गेल्या वर्षी बंद झाला. संस्थेकडे रात्री बसायला माणसं उरली नव्हती. मी चौकशी केली, तर त्या बाई त्याआधीच काम सोडून गेल्या होत्या. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. परवा एका कार्यक्रमात नवी यादी वाटत होते. तो नंबर तिच्यात आहे, दुसऱ्या ओळीत. चित्र या वेळी समुद्राचं आहे.

आपली,
एक थोरली बहीण